सर्वश्री आणि वगैरे

आमच्या घरी मराठी पेपर यायचा तो शिळा. पुण्यात छापलेला, टपालाने आलेला, भोवती कागदाची अरुंद पट्टी, त्यामुळे दोन्ही कडा नेहमी काळ्याकुट्ट. तोवर त्यातल्या बातम्या इंग्रजी पेपरांनी सांगून संपवलेल्या असत, आणि तमिळ रेडिओने तर त्यांची हाडंसुद्धा चघळलेली असत. पण अप्पांना बातम्यांशी कर्तव्य नव्हतं. ते पट्टी फाडत, पहिलं पान पालथं टाकत आणि थेट आतल्या पानावरच्या ‘मद्रासचे वार्तापत्र’ या सदरावर जात. तिथे बोटभर मजकूर असे. मग चष्मा पुसून, खुर्ची खिडकीशी ओढून ते मोठ्याने वाचत: ‘याप्रसंगी सर्वश्री अमुक, तमुक, फलाणे, बिस्ताणे वगैरे मान्यवर उपस्थित होते.’ ‘वगैरे’शी आले की त्यांचा आवाज पडे. कारण अप्पा नेहमी वगैरेत असत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात? बसले आहे खरी. माझं वय झालंय आणि मला दुसरं काम नाही. वगैरे हा शब्द आम्हीही घरात वापरायचो. कांदे वगैरे आण, कपडे वगैरे वाळत घाल. त्या वगैरेत आळस होता, लबाडी नव्हती. बोलणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असायचं, फक्त सांगायचा कंटाळा. पेपरातला वगैरे निराळा. पुढे कोण होतं हे लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक असायचं आणि तेच त्याला छापायचं नसायचं. सभा झाली की चार नावं, मग वगैरे. सत्कार झाला की चार नावं, मग वगैरे. कार्यक्रमाचंही तसंच, ‘भाषणे वगैरे’, ‘गायन वगैरे’. त्या पेपरांचा एक गठ्ठा अजून माझ्याकडे आहे, अधूनमधून काढून बघते. बातमी दिल्लीची असो नाहीतर मद्रासची, वगैरेच्या अलीकडे धोतरं-पाटलोणी आणि पलीकडे सगळं स्वयंपाकघर.

आम्ही राहायचो जॉर्ज टाउनमध्ये, कागदाच्या एका घाऊक दुकानाच्या वर. उजाडायच्या आत हातगाड्या यायच्या, ‘ओरम, ओरम!’ करून गाडीवाले लोकांना कडेला पिटाळायचे, खाली कागदाची रिमं धप्पकन पडायची आणि आमच्या माडीच्या फळ्या हलायच्या. बंदराचा भोंगा झाला की अप्पा अंघोळीला उठत. ते एका जहाजी एजंटाकडे कारकून होते, आणि त्यांचं अक्षर इतकं वळणदार की साहेब लग्नाच्या पत्रिकेवरचे पत्तेसुद्धा त्यांच्याकडून लिहून घेई. अम्मा तोवर कॉफी गाळून, तांदूळ धुऊन मोकळी झालेली असे. घरात आम्ही चौघं: अप्पा, अम्मा, मी आणि अप्पांची धाकटी बहीण कावेरी. आत्याला आमच्यात ‘अत्या’ म्हणतात. आमच्यात म्हणजे तंजावरच्या मराठी घरांत. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहून आमची मराठी पेटीतल्या जुन्या लुगड्यासारखी झाली होती, पोत अस्सल पण घडीवर विरलेली. भांडण तमिळमध्ये, भाजीवाल्याशी घासाघीस तमिळमध्ये. देवापुढे आणि पानावर बसलं की मराठी. पानात वांग्यांची रसवांगी, भाजलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, तिच्यावर ओतलेल्या फोडणीचा तो चर्र आवाज. आता हे जे मी लिहिते आहे ती मराठी त्या घरातली नव्हे. ती मी त्या शिळ्या पेपरातून शिकले, वार्तापत्रासकट, आणि याचा मला अजून राग येतो.

वार्तापत्र लिहिणारे गृहस्थ म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस देवस्थळी. केंद्र सरकारच्या कुठल्याशा हिशेब तपासणाऱ्या कचेरीत ते मोठे अधिकारी होते. पुण्याहून बदलीवर आलेले, राहायला अण्णा नगरात. तेव्हा अण्णा नगर नवंकोरं, रुंद रस्त्यांचं. तिथून आमच्या गल्लीत आले की देवस्थळी रुमाल नाकाशी धरूनच जिना चढत. आता मीही अण्णा नगरातच राहते, आणि खालचं गटार तुंबलं की मला त्यांची फार आठवण होते. आमचं बोलणं ऐकून ते मान डोलावत, ‘वा, काय जुनं जुनं बोलता हो तुम्ही!’ जणू आम्ही जमीन खणताना सापडलो होतो. अप्पांना ही स्तुती वाटे. पाहुणे गेल्यावर ते घरात देवस्थळींसारखं ‘अर्थातच’ म्हणून पाहत आणि अम्मा पदर तोंडाला लावून आत जाई.

वगैरेच्या अलीकडे येण्यासाठी मंडळातली माणसं काय काय करत, ते सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. एकाने आपल्या कचेरीतला माइक दर कार्यक्रमाला गुपचूप आणून दिला. बँकेतले एक साहेब फक्त नारळ फोडायला येत आणि फोडून लगेच जात. पेपरात पहिलं नाव त्यांचं. नावांचा क्रम खालीवर झाला म्हणून दोन सद्‌गृहस्थांनी एकमेकांच्या घरच्या गणपतीला जाणं सोडलं होतं. आणि अम्मासारख्या बायका सकाळपासून कंबर मोडेस्तोवर सगळ्या मंडळाचा पिवळा चित्रान्न-भात कालवत, त्याचं पेपरात होई ‘अल्पोपाहार वगैरे’. फारच जागा उरली तर ‘महिलावर्गही बहुसंख्येने हजर होता.’ वर्ग! जसा काही आगगाडीचा डबा. हे लिहिणारे मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. मूर्ख माणसाला इतकं नेमकं वगळता येत नाही.

आता अत्याबद्दल. ती लहान वयात विधवा झाली. तिचे सासरे तंजावरचे जुन्या वळणाचे कीर्तनकार. मुलगा गेल्यावर म्हाताऱ्याने सुनेला चिपळ्या दिल्या आणि आपली सगळी विद्या तिच्यात ओतली. तेही गेल्यावर ती एक ट्रंक आणि त्या चिपळ्या घेऊन आमच्याकडे आली. दिवसभर हात तांदळातले खडे काढत आणि तोंडाने साकी-दिंडीतली पदं चालू. आवाज गोड मुळीच नव्हता. खणखणीत होता, मागच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही जाऊन टोचेल असा. कीर्तनात मराठी पद म्हणता म्हणता मध्येच तमिळमध्ये अशी एखादी कोपरखळी मारी की मृदंगवाल्याचा ठेका चुके. मंडळाच्या दर रामनवमीला तिचं कीर्तन असे. फुकटची होती ना! आणि दर रामनवमीचं वार्तापत्र म्हणे, ‘भाषणे, कीर्तन वगैरे.’

अत्याला त्याचं काही वाटत नसे, निदान तसं ती दाखवत नसे. पण एकदा देवस्थळी कॉफी पिताना सहज बोलून गेले की पुण्यात एक कीर्तनसंस्था आहे, तिला तंजावरची पद्धत जाणणारं माणूस हवं आहे. आधी उत्सवात कीर्तन करायचं, मग तिथेच राहून मुलींना शिकवायचं. राहायला खोली मिळेल. ‘ते लोक आमचं वार्तापत्र बारकाईनं वाचतात बरं का.’ ते गेल्यावर अत्या बराच वेळ कप विसळत राहिली. मग अम्माला म्हणाली,

‘वैनी, खोली म्हणजे दार असलेली?’

‘खोलीस दार असतंच की ग.’

‘तसं नव्हे. आतून लावता येतं ते दार?’

अत्या आमच्याकडे स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामधल्या बोळात झोपायची. पाणी प्यायला जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जाई. तिला आतून लावता येणारं दार हवं होतं, आणि ते स्वतःच्या विद्येवर हवं होतं. भावाच्या घरी कोणी तिला जेवण मोजून वाढलं नाही, पण कोणी तिला विचारून काही केलंही नाही. मला हे तेव्हा कळत होतं. मोठ्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

त्या रामनवमीला देवस्थळींनी कबूल केलं, या खेपेला कीर्तनाची दखल नावानिशी घेऊ. आणि खरंच त्यांनी कच्चा मजकूर तसा लिहिला. मात्र पेपरला पाठवायची प्रत सुवाच्य लागे, म्हणून तो नेहमीप्रमाणे अप्पांकडे उतरवायला दिला. आता यातली मेख अशी की सदराला जागा ठरलेली. मजकूर लांबला की पुण्यातले लोक खालून छाटत, आणि नावं खालीच असत. त्या खेपेला देवस्थळींनी मेहेरबानी म्हणून अप्पांचंही नाव घातलं होतं, अर्थात शेवटी, वगैरेला चिकटून. अप्पांनी ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या. मग आमच्यासमोर, दिवसाढवळ्या, कॉफीचा घोट घेत त्यांनी कीर्तनाची ओळ आखूड केली आणि समाधानाने वाचून दाखवली: ‘रामनवमीनिमित्त तंजावर पद्धतीचे कीर्तन वगैरे झाले. याप्रसंगी सर्वश्री देवस्थळी’, पुढे नारळवाले आणि माइकवाले, ‘तंजावरचे रंगनाथराव वगैरे उपस्थित होते.’ आपल्या नावाआधी तंजावरचे हा शब्द त्यांनी स्वतःचा घातला होता. वजन येतं म्हणून.

अत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात विळी.

‘माझं नाव, अण्णा?’

‘तुझं नाव कशास? कीर्तन तूच केलंस म्हणून अख्ख्या मद्रासेस ठाऊक अहे.’

‘मद्रासेस अहे. पुण्यास नाही.’

‘कीर्तन म्हणून लिहिलंय न? कीर्तन म्हटलं म्हणजे कीर्तनकार आलाच त्यात. जागा कोठे अहे सगळ्यांची नावं घालायला?’

‘तुझ्या नावास अहे,’ अत्या म्हणाली आणि आत गेली. अप्पांना राग आला नाही. त्यांनी शाई वाळू दिली, घडी घातली आणि लिफाफा चिकटवला. मला ते दृश्य अजून दिसतं आणि अजून किळस येते. चोरी करताना माणूस निदान इकडेतिकडे बघतो.

पेपर आला तेव्हा अप्पांनी गल्लीत कोणाकोणाला ते पान दाखवलं याची गणती नाही. खालचा कागदवाला तेलुगू शेट्टी, त्याला मराठीचं अक्षर ओ की ठो कळत नव्हतं. त्यालाही स्वतःच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. आणि मग पुण्याहून पत्र आलं. जाड कागद, वर वीणेचं चित्र. ‘ह. भ. प. रंगनाथराव तंजावरकर यांस सादर प्रणाम.’ आपल्या तंजावर पद्धतीच्या कीर्तनाचं वृत्त वाचलं, आमच्या उत्सवात आपलं कीर्तन व्हावं, आणि शक्य तर इथे राहून आपण मुलींना शिकवावं, निवासाची सोय संस्था करील. त्यांचा हिशोब बरोबरच होता. कीर्तन तंजावरचं, हजर असलेल्यांत तंजावरचा एकच, तोच कीर्तनकार. पेपर वाचून सत्य शोधणाऱ्यांना याहून दुसरं काय सापडणार?

अप्पांना चिपळ्या कुठल्या बोटांत अडकवतात हेही ठाऊक नव्हतं. आरतीत टाळी वाजवली तरी ती एकट्याने वाजे. अशा माणसाने हसून पत्र बहिणीच्या हातात द्यावं की नाही? त्यांनी ते खिशात घातलं आणि देवस्थळींना बोलावून घेतलं. देवस्थळी आले, रुमाल नाकाशी, पत्र वाचून जरा गंभीर झाले.

‘हे पाहा रंगनाथराव, आता चूक झाली असं कळवणं म्हणजे वार्तापत्राची अब्रू घालवणं आहे. छापून आलं ते आलं.’

‘अर्थातच,’ अप्पा म्हणाले.

‘तेव्हा असं करू. तुम्ही जा. प्रास्ताविक करा, तंजावरच्या परंपरेवर चार शब्द बोला. कावेरीबाई मागे बसून पदं म्हणतील. उत्सव आटोपला की दोघं परत या. शिकवण्याचं काय, तुम्हाला नोकरी आहे, तेवढं नम्रपणे नाकारू.’

अम्मा कधी पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. ती कॉफीचा पेला देवस्थळींपुढे ठेवत म्हणाली, ‘म्हणजे बोम्मलाट्टम. बाहुली पुढं नाचते, सूत्रवाला मागं लपतो.’

‘तू आत जा पाहू,’ अप्पा म्हणाले.

अत्या तिथेच भिंतीशी बसली होती. तिला कोणी विचारलं नाही. तिचं बोलावणं भावाच्या नावाने आलं होतं, तिची खोली नम्रपणे नाकारली जाणार होती, आणि दोन कर्तेसवरते पुरुष तिच्यासमोर बसून गाडीच्या तिकिटांचं बोलत होते. मी बोलायला तोंड उघडलं. तिने फक्त माझा गुडघा दाबला आणि मला गप्प बसवलं.

यावर कळस म्हणजे मंडळाने अप्पांचा सत्कार ठरवला. पुण्याचं निमंत्रण आल्याबद्दल! शाल, श्रीफळ, भाषणं, आणि शेवटी, अर्थातच, कावेरीबाईंचं कीर्तन. ‘मंगल प्रसंग आहे, सीतास्वयंवर लावा,’ देवस्थळींनी सांगितलं. अत्या म्हणाली, ‘सरी.’ तमिळमध्ये याचा अर्थ ‘बरं’, आणि ती बरं म्हणाली की अम्मा नेहमी देवापुढे एक वात जास्त लावी.

हॉलमध्ये पुढे खुर्च्या, खुर्च्यांवर सर्वश्री. मागे सतरंजीवर बायका आणि पोरं. नारळ फुटला, फोडणारे साहेब या खेपेला शाल पांघरायची म्हणून थांबले. अप्पांच्या अंगावर शाल, एवढ्या उकाड्यात घामाने मान चिंब झालेली, पण शाल उतरवायला तयार नाहीत. भाषणांत जो तो अप्पांच्या ‘कीर्तनसेवे’बद्दल बोलला. सगळ्यांना ठाऊक होतं कीर्तन कोण करतं. त्यातल्या प्रत्येकाने ते कानांनी ऐकलं होतं. तरी बोलले. छापून आलं ते आलं. मग अत्या उभी राहिली, नमन केलं, पूर्वरंग थोडक्यात आटोपला आणि आख्यान लावलं. सीतास्वयंवर नव्हे. द्रौपदीचं लावलं.

द्यूत संपलं, द्रौपदीला सभेत आणलं, इथवर नेहमीसारखं झालं. मग तिने चिपळ्या थांबवल्या, नाकावर नसलेला चष्मा सारखा केला आणि थेट देवस्थळींच्या आवाजात वाचल्यासारखं सुरू केलं: ‘हस्तिनापूर, दिनांक आजचा. येथील राजसभेत याप्रसंगी सर्वश्री भीष्माचार्य, द्रोणाचार्य, कृपाचार्य, धृतराष्ट्रमहाराज वगैरे मान्यवर उपस्थित होते. प्रथम द्यूत वगैरे होऊन नंतर वस्त्रहरण वगैरे झाले. महिलावर्गही हजर होता.’

पहिलं हसू सतरंजीवरून आलं. अम्माचं होतं. तोंडाला पदर न लावता हसलेली अम्मा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मग सगळ्या बायका हसल्या, मृदंगवाला हसला, आणि शेवटी खुर्च्यांवरचे दोघेतिघे हसून गप्प झाले, कारण आपण कशाला हसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. अत्या हसली नाही. तिने आवाज बदलला. आता ती द्रौपदी होती, आणि सभेला विचारत होती.

‘जे तुमचं नव्हे, ते तुम्ही पणास लावलंत कसं? सभेत एवढे वडील बसले अहांत. उत्तर द्या.’

नेहमी इथे भीष्म मान खाली घालतो, कीर्तनकार पुढे जातो आणि कृष्ण येतो. अत्या पुढे गेली नाही. तिने चिपळ्या खाली ठेवल्या आणि आपल्या साध्या बोलण्यात म्हणाली, ‘पुढं कृष्ण येतो म्हणून सगळ्यांस ठाऊक अहे. पण सभेत कोणी एक तरी बोलेल, तवर आज तो येणार नाही. मी थांबते.’ आणि ती पाटावर बसली.

ज्यांना कीर्तन ठाऊक नाही त्यांना यातली गोम कळायची नाही. कीर्तन सुरू झालं की आरती होईस्तोवर उठायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरही जाणतं. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्याला कोणी थांबवायचं नाही, आणि आख्यान अर्धवट टाकायचं नाही. द्रौपदीला सभेत तशीच ठेवून घरी जाण्याइतका अपशकुन दुसरा नाही. देवस्थळी स्वतः हे सगळं मंडळात व्याख्यान देऊन सांगत. त्यांनी घड्याळ पाहिलं, अण्णा नगरची बस जायची होती. ते खुर्चीतून अर्धे उठले. मागून एका म्हातारीचा आवाज आला, ‘आरतीआधी उठू नये हो, चिटणीस!’ ते बसले. पंखे फिरत होते. कापराच्या तबकात हात घालणाऱ्या पोराला त्याच्या आईने मागे ओढलं. नारळ फोडणाऱ्या साहेबांनी खोकून पाहिलं. भीष्म, द्रोण, कृप, सगळे आपापल्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि मला वाटलं, खऱ्या सभेतही हे असंच दिसलं असेल, इतकंच बावळट.

शेवटी अप्पा उठले. पश्चात्ताप झाला म्हणून उठले असं समजायला मी तयार नाही. ते अपशकुनाला भ्यायले. शाल खांद्यावरून घसरली.

‘कीर्तन हिचं अहे,’ ते म्हणाले.

‘ऐकू आलं नाही,’ सतरंजीवरून दोघीतिघी एकदम.

‘पुण्याचं पत्र कीर्तनकारास आलं. कीर्तनकार मी नव्हे. ही. माझी बहीण कावेरी.’

अत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती कधी रडत नसे म्हणून मला भीती वाटली. मग तिने चिपळ्या उचलल्या, ‘आता येतो,’ म्हणाली, आणि कृष्ण आला. त्या दिवशी वस्त्रं पुरवताना तिने जो आवाज लावला, तो खालच्या रस्त्यावरच्या हातगाडीवाल्यांनी उभं राहून ऐकला.

पुण्याला पत्र अप्पांनीच लिहिलं, आपल्या वळणदार अक्षरात, आणि या खेपेला ओळी मोजल्या नाहीत. तिकडून उत्तर आलं की बाई असल्या तरी चालतील. ‘तरी’! पुढे आयुष्यभर अप्पांनी हा प्रसंग स्वतःच्या औदार्याचा म्हणून सांगितला. भर सभेत उभा राहिलो, बहिणीला मान दिला, सगळे थक्क झाले. माझ्या नवऱ्याला सांगितला, माझ्या पोरांना सांगितला. माझी नात मात्र पणजोबांना तमिळमध्ये विचारती झाली, ‘पण ताता, तुम्ही आधी बसला का होतात?’

अत्या निघाली त्या दिवशी सेंट्रल स्टेशनवर सगळं मंडळ आलं होतं. तेच माइकवाले, तेच नारळवाले साहेब, तेच देवस्थळी, हातात हार. अम्माने डब्यात दहीभात आणि तळलेल्या मिरच्या बांधून दिल्या होत्या. ती आणि मी बायकांच्या डब्याच्या खिडकीशी गजांना धरून उभ्या होतो. अत्याने माझ्या हातावरून हात फिरवला. अम्माचा हात तिने सोडलाच नाही. शिट्टी झाली तशी देवस्थळी पुढे घुसले, अप्पाही त्यांच्या मागोमाग. देवस्थळींनी खिशातून कागद-पेन्सिल काढली.

‘कावेरीबाई, या खेपेला तुम्हीच सांगा. निरोप द्यायला कोण कोण हजर होतं, तसंच छापतो. एक नाव गाळणार नाही.’

अत्याने खिडकीतून सगळ्यांवरून नजर फिरवली. सावकाश, एकेकाचं तोंड बघत. अप्पांच्या तोंडाशीही जरा थांबली. अप्पा ताठ झाले.

‘अंबावैनी,’ ती अम्माचा हात दाबत म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, ‘आणि सरोजा. लिहिलंत?’

‘लिहिलं. पुढे?’

‘पुढं काही नाही. बाकी कोणी आलं नव्हतं म्हणून लिहा.’

गाडी हलली. अप्पा हार हातात घेऊन खिडकीबरोबर चार पावलं चालले, आणि मग प्लॅटफॉर्म संपला.